घसरगुंडीच्या पायथ्याशी खुर्ची कोण आणणार?

लंडनच्या चेल्सी भागात फेब्रुवारी १९७० मध्ये, चर्चच्या धर्मगुरूच्या निवासालगतच्या बागेत मुलांसाठी एक मैदान सुरू झालं. शरीरानं किंवा बुद्धीनं अपंग असलेल्या मुलांना मनसोक्त, हवं तसं, थोडा धोका पत्करून खेळता यावं एवढ्याच हेतूनं ते आखलं होतं. त्या वेळी इंग्लंडच्या कायद्यात काही मुलांना शाळेसाठी अयोग्य ठरवण्याची तरतूद शाबूत होती. तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांची जबाबदारी शिक्षण खात्यावर नव्हती, ती आरोग्य यंत्रणेकडे ढकललेली होती. ही तरतूद काढून टाकणारा कायदा त्याच वर्षी मंजूर झाला आणि १ एप्रिल १९७१ पासून लागू झाला. शाळेत ज्यांना जागा नव्हती त्यांना खेळायला जागा आधी मिळाली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्यानंतरच्या पन्नासेक वर्षांत जगभर अशी मैदानं झाली, कायदे झाले, उतारांची आणि कठड्यांची मापं ठरली, खास झोपाळे निघाले. आता आपल्याकडच्या महापालिकाही सर्वसमावेशक उद्यानं बांधू लागल्या आहेत. अशा वेळी या इतिहासाकडे नीट पाहायला हवं. माझं म्हणणं असं की, चेल्सीच्या मैदानाचा गाभा तिथल्या खेळण्यांत नव्हता, मुलांबरोबर दिवसभर उभ्या असलेल्या माणसांत होता. पुढे हक्काची लढाई मापांच्या भाषेत लढावी लागली. ती लढली गेली हे योग्यच झालं, पण त्यात माणूस गळाला. त्याला परत आणल्याशिवाय मैदानाच्या फाटकावर नुसतं सर्वसमावेशक लिहून काही साधत नाही.

मैदानात माणूस हवा, ही कल्पना चेल्सीहून जुनी आहे. अमेरिकेतल्या सार्वजनिक क्रीडांगणांचा इतिहास सांगताना १८८५ सालच्या बॉस्टनपासून सुरुवात करतात. डॉ. मारी झाक्रझेव्स्का यांनी बर्लिनच्या बागांमध्ये मुलांसाठी टाकलेले वाळूचे ढीग पाहिले आणि तसं काही बॉस्टनमध्ये करावं असं सुचवलं. त्यातून गरीब वस्तीत वाळूची पहिली खेळबाग झाली. तिथं वाळू, फावडी आणि मुलांकडे बघणाऱ्या बायका, एवढाच सरंजाम होता. या बायका आधी हौसेनं येत, दोनेक वर्षांत त्यांना पगार मिळू लागला. १९०६ मध्ये अमेरिकेत क्रीडांगणांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तेव्हाही तिचा भर खेळ घेणाऱ्या शिक्षकांवर होता. पुढे हळूहळू हा खर्च नकोसा झाला. लोखंडी घसरगुंडी एकदा बसवली की तिला दर महिन्याला पगार द्यावा लागत नाही. मग झोपाळे, सीसॉ, घसरगुंडी, चढायचा लोखंडी सांगाडा आणि खाली डांबर किंवा सिमेंट, असा साचा तयार झाला आणि तोच जगभर गेला. हा साचा एका ठरावीक देहासाठी आहे. साखळी घट्ट धरणारे हात, शिडी चढणारे पाय, तोल सांभाळणारी पाठ, रांगेत थांबण्याचा धीर, गोंगाट सोसणारे कान हे सगळं ज्याच्याकडे आहे तोच मुलगा त्यात बसतो. ज्याच्याकडे यातलं एकही कमी, त्याला तिथं कोणी अडवत नाही, पण त्यानं तिथं करावं असं काही नसतं. माणूस असता तर त्यानं खेळ बदलला असता. लोखंडाला ते जमत नाही.

या साच्याला पहिला खरा पर्याय डेन्मार्कमध्ये उभा राहिला. सी. टी. सोरेनसेन हे तिथले उद्यानरचनाकार. आपण आखलेल्या नीटनेटक्या क्रीडांगणांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी, विटा-फळ्यांच्या ढिगात जास्त रमतात हे त्यांच्या लक्षात आलं होतं आणि १९३१ मध्ये त्यांनी तसं लिहिलंही. ती कल्पना जर्मन ताब्यात असलेल्या कोपनहेगनमध्ये १९४३ साली प्रत्यक्षात आली. एम्ड्रुप या वसाहतीत मोकळी जमीन घेऊन तिथं भंगार लाकूड, विटा, दोर, अवजारं ठेवली आणि मुलांना हवं ते बांधू दिलं, मोडू दिलं. तिथं जॉन बर्टेलसेन या गृहस्थांची नेमणूक झाली. खलाशी म्हणून काम केलेले बर्टेलसेन बालशिक्षणाचं प्रशिक्षण घेतलेले होते. शिस्त लावणं किंवा कवायत घेणं हे त्यांचं काम नव्हतं. मुलांच्या मनात काय चाललंय ते ओळखायचं, हवं ते सामान पुरवायचं, मारामारी हाताबाहेर जाऊ द्यायची नाही आणि बाकीच्या वेळी बाजूला राहायचं, हे ते काम. वरवर सोपं दिसतं, पण एखाद्या चांगल्या बालवाडीच्या ताईला विचारलं तर ती सांगेल की यापेक्षा अवघड काम शोधून सापडणार नाही.

एम्ड्रुपचं मैदान पाहायला इंग्लंडमधून मार्जरी अ‍ॅलन आल्या. लेडी अ‍ॅलन ऑफ हर्टवुड या नावानं त्या ओळखल्या जातात. त्या स्वतः उद्यानरचनाकार होत्या. पण त्यांचं नाव देशभर झालं ते १९४४ मध्ये द टाइम्समध्ये छापून आलेल्या त्यांच्या पत्रामुळे. अनाथाश्रमांत आणि वसतिगृहांत वाढणाऱ्या मुलांची दशा त्यांनी त्यात मांडली होती. त्यावरून वादळ उठलं, चौकशी समिती बसली आणि १९४८ चा बालक कायदा झाला. म्हणजे खेळाच्या प्रश्नाकडे त्या आल्या त्या मुलांच्या हक्काच्या वाटेनं, सौंदर्याच्या किंवा व्यायामाच्या वाटेनं नव्हे. १९४६ मध्ये पिक्चर पोस्ट या खपाच्या साप्ताहिकात त्यांनी लेख लिहिला आणि बॉम्बहल्ल्यांनी मोकळ्या झालेल्या जागांवर डेन्मार्कसारखी मैदानं का करू नयेत, असा प्रश्न विचारला. १९४८ मध्ये कॅम्बरवेलला पडझड झालेल्या चर्चच्या जागी असं मैदान झालं, पुढच्या काही वर्षांत लंडनच्या इतर भागांतही झाली. या मैदानांना साहसी मैदानं म्हणू लागले. तिथं पगारी खेळसेवक असायचे. त्यांच्याशिवाय हे मैदान म्हणजे नुसता उकिरडा, हे लेडी अ‍ॅलन कधी विसरल्या नाहीत. आणि मग साठीच्या दशकात त्यांच्या ध्यानात आलं की या मोकळ्या मैदानांतही काही मुलं येतच नाहीत. पोलिओनं पाय गेलेली, सेरेब्रल पाल्सी असलेली, थॅलिडोमाइड या औषधामुळे हातपाय नसलेली किंवा अर्धवट वाढलेली, बुद्धीनं मंद ठरवलेली मुलं घरात, इस्पितळात किंवा खास शाळेच्या चार भिंतींत होती. १९६६ मध्ये अपंग मुलांसाठी साहसी मैदानं उभारणारी संघटना स्थापन झाली आणि चार वर्षांनी चेल्सीचं मैदान उघडलं.

चेल्सीत काय होतं? जुनी झाडं, मुद्दाम घडवलेली टेकाडं, वाळू, पाणी, चढायच्या-लोळायच्या जागा, पावसात आत जायला इमारत. खास यंत्रं जवळपास नव्हतीच. वैशिष्ट्य होतं ते विचारात. अपंग मुलाच्या आयुष्यात प्रत्येक हालचालीला कारण चिकटलेलं असतं. हात वर करायचा तो व्यायामोपचार म्हणून, चेंडू पकडायचा तो नजर आणि हात यांचा मेळ बसावा म्हणून, चिखलात हात घालायचा तोसुद्धा स्पर्शज्ञान वाढावं म्हणून. लेडी अ‍ॅलन यांचा आग्रह असा की या मुलांनाही निरर्थक, बिनकामाचा, स्वतः ठरवलेला खेळ मिळायला हवा. तसंच त्यांनी पडायलाही हवं. अतिकाळजीमुळे खुरटलेल्या मुलाला खरचटण्याचा हक्क आहे, ही त्यांची भूमिका आजही अनेक पालकांना धक्कादायक वाटेल. आक्षेप स्वाभाविक आहे: ज्या मुलाचं हाड आधीच ठिसूळ आहे, ज्याला फिट येते, त्याला धोक्यात कशाला घालायचं? याचं उत्तर त्या मैदानाच्या रचनेतच होतं. कुठला धोका कुठल्या मुलाला पेलेल हे कुंपण किंवा रबराची लादी ठरवू शकत नाही. त्या मुलाला नावानं ओळखणारा माणूसच ते ठरवू शकतो. त्याला माहीत असतं की अमकीला पाण्याची भीती आहे पण उंचीची नाही, आणि अमक्याला एकदा दोर धरून दिला की हात काढून घ्यायचा. माणूस जवळ असतो म्हणून धोका पत्करता येतो. माणूस काढून घेतला की धोका नाहीसा करणं एवढाच मार्ग उरतो, आणि धोक्याबरोबर खेळही जातो.

चेल्सीवर खरा घाव घालणारा आक्षेप दुसरा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. ते मैदान वेगळं होतं. मुलं खास शाळांच्या गाड्यांतून यायची, खेळायची आणि परत जायची. वेगळ्या शाळेनंतर वेगळं मैदान, मग याला समावेश कसं म्हणायचं? म्हणता येणार नाही, हे मी मान्य करतो. पण ज्या समाजात ही मुलं रस्त्यावर दिसतच नव्हती, तिथं त्यांना खेळता येतं हे आधी कुठेतरी सिद्ध होणं भाग होतं. चेल्सीनं ते केलं. इस्लिंग्टन, वाँड्सवर्थ अशा ठिकाणी पुढची मैदानं झाली. वाँड्सवर्थच्या मैदानाला तर लेडी अ‍ॅलन यांचंच नाव आहे. १९७६ मध्ये त्या वारल्या. वेगळेपण हा चेल्सीचा दोष होता, माणूस हा गुण होता. दुर्दैव असं की पुढच्या काळात जगानं दोष सुधारायला घेतला आणि गुण मागे सोडला.

दोष सुधारण्याचं काम मुख्यतः अमेरिकेत झालं, आणि ते अपंग प्रौढांनी केलं. तिथं १९६८ मध्ये सरकारी इमारतींतले अडथळे दूर करण्याचा कायदा झाला होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ नं, सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेला अपंगत्वावरून भेदभाव करण्याची मनाई केली. पण कलमाचे नियम चार वर्षं सहीविना पडून राहिले. शेवटी एप्रिल १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्र सरकारी इमारतीत शंभराहून अधिक आंदोलक शिरले आणि तीन आठवड्यांहून जास्त काळ तिथून हलले नाहीत. त्यांत व्हीलचेअर वापरणारे होते, अंध होते, बहिरे होते, रोजच्या औषधांवर आणि मदतनिसांवर अवलंबून असलेले होते. २८ एप्रिलला सही झाली. मार्च १९९० मध्ये अपंग हक्कांचं व्यापक विधेयक संसदेत रखडलं, तेव्हा आंदोलकांनी वॉशिंग्टनला संसद भवनाच्या पायऱ्यांपाशी खुर्च्या आणि कुबड्या सोडल्या आणि ते रांगत, हातावर शरीर ओढत पायऱ्या चढले. त्यांत एक आठ वर्षांची मुलगीही होती. २६ जुलै १९९० ला विधेयकावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली. सद्भावनेवर विसंबून पिढ्या गेल्या, म्हणून या लोकांना मोजता येणारा हक्क हवा होता. उतार एका फुटाला बारा फूट आहे की नाही हे टेप लावून सांगता येतं. तो नसेल तर न्यायालयात जाता येतं. मापांची भाषा रुक्ष असेल, पण दुबळ्याच्या हातात ती शस्त्र असते.

क्रीडांगणांसाठी ही मापं ऑक्टोबर २००० मध्ये ठरली आणि मार्च २०१२ पासून नव्या बांधकामांना बंधनकारक झाली. ती जवळून पाहण्यासारखी आहेत. जमिनीपासून उंचावर असलेल्या खेळांपैकी निम्म्यांपर्यंत तरी पोचायची वाट हवी. असे उंचावरचे खेळ वीस किंवा त्याहून अधिक असतील तर त्यांतल्या किमान चतुर्थांशांपर्यंत उतार, म्हणजे रॅम्प हवा. रॅम्पचा एक टप्पा बारा इंचांहून जास्त चढू नये. म्हणजे चार फूट उंचीच्या मचाणावर जायला अठ्ठेचाळीस फूट उतार, शिवाय मधले सपाट थांबे. हा खर्च मोठा, म्हणून लहान मैदानांना सवलत आहे: तिथं रॅम्पऐवजी एक बैठा कट्टा चालतो. तो जमिनीपासून अकरा ते अठरा इंच उंच, किमान चोवीस इंच रुंद, किमान चौदा इंच खोल. मुलानं व्हीलचेअर कट्ट्याशी लावायची, हातांनी शरीर उचलून कट्ट्यावर टाकायचं आणि तिथून आठ इंचांपर्यंतच्या पायऱ्या बसत-सरकत मचाणावर जायचं. ज्यांचे दंड मजबूत आहेत अशा कित्येक मुलांना हे जमतं आणि आवडतंही. स्वतःच्या बळावर चढण्याची मजा रॅम्पवर मिळत नाही, हेही खरं. पण पुढे काय होतं ते पाहा. मूल मचाणावर पोचलं, घसरगुंडीवर बसलं, सुईऽऽ करत खाली आलं. आता ते घसरगुंडीच्या पायथ्याशी जमिनीवर बसलेलं आहे आणि त्याची खुर्ची मचाणाच्या पलीकडे, कट्ट्यापाशी उभी आहे. बाकीची मुलं उठून पुन्हा शिडीकडे पळाली. याची खुर्ची कोण आणणार? नियमांत प्रत्येक इंचाचा हिशेब आहे, खुर्ची आणणाऱ्याचा नाही. संसदेच्या पायऱ्या रांगत चढून मिळवलेल्या कायद्यानं मुलांना मचाणावर रांगत चढायची सोय करून दिली आणि तिथं तो थांबला. घसरगुंडीची मजा एकदा घसरण्यात नसते, पुन्हा पुन्हा घसरण्यात असते. खुर्ची आणणारं कोणी नसेल, तर त्या मुलाचा खेळ एका फेरीत संपतो.

कोणी म्हणेल, हा दोष मापांचा नाही, अपुऱ्या मापांचा आहे. नियम आणखी कडक करा, सगळीकडे रॅम्प लावा. करावेत, माझा विरोध नाही. मात्र मापांची मर्यादा तेवढ्यानं संपत नाही. मैदानाच्या पृष्ठभागाचंच घ्या. पडल्यावर डोकं फुटू नये इतका तो मऊ हवा आणि व्हीलचेअरचं चाक रुतू नये इतका घट्ट हवा. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत. लाकडाच्या तंतूंचा थर चाचणीत उत्तीर्ण होतो, पण झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या टोकाशी मुलांच्या पायांनी उकरला जाऊन तिथं खड्डे पडतात. ओतीव रबर महाग, शिवाय उन्हात तापतं आणि कडेनं उखडतं. अमेरिकेत सरकारी मदतीनं इंडियाना विद्यापीठातल्या एका केंद्रानं कित्येक मैदानांचा काही वर्षं पाठपुरावा केला. त्यातून निघालेला निष्कर्ष असा की निर्दोष पृष्ठभाग नाहीच, आणि बसवल्यापासून वर्षभरातच त्रुटी दिसू लागतात. म्हणजे उद्घाटनाच्या दिवशी सुगम असलेलं मैदान पुढच्या वर्षी सुगम राहील याची हमी फक्त रोज फावडं मारणारा, खड्डा बुजवणारा माणूस देऊ शकतो. त्याचा पगार कुठल्याही मापात बसत नाही.

आणि माणसाची जागा यंत्रानं भरून काढायला गेलं की काय होतं याचं उदाहरण ऑस्ट्रेलियात आहे. व्हीलचेअरसकट बसता येईल असा लिबर्टी स्विंग नावाचा झोपाळा तिथं अनेक उद्यानांत लागला. त्यामागची कळकळ खरी होती. जन्मात कधी झोका न घेतलेल्या मुलांना तो मिळाला, आणि ही लहान गोष्ट नव्हे. पण खुर्ची आणि मूल मिळून झुलणारं ते वजन मोठं, समोर कोणी आलं तर जबर इजा व्हायची. म्हणून त्याभोवती कुंपण आलं, फाटकाला कुलूप आलं, आणि किल्ली खास मागवून घ्यावी लागली. बागेत इतर मुलं ओळीनं झोके घेताहेत आणि हे मूल कुंपणाच्या आत एकटं. आपल्या गल्लीतल्या खेळात धाकट्या किंवा अशक्त पोराला कच्चं लिंबू म्हणून घेतात. त्याला पळू देतात, ओरडू देतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. तो बाद झाला काय आणि नाही काय, खेळाला फरक पडत नाही. बऱ्याच सर्वसमावेशक म्हणवणाऱ्या मैदानांत अपंग मुलाला असंच कच्चं लिंबू करून ठेवलेलं असतं: ते आत आहे, पण त्याच्यावाचून कुणाचं अडत नाही. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी. कच्चं लिंबू ही सवलत मुलांनी स्वतः, कोणी न सांगता काढलेली आहे. खेळाचे नियम समोरच्याप्रमाणे बदलायचे असतात हे मुलांना कळतं. थोडी मदत मिळाली तर ती राज्य देण्याचीही रीत शोधून काढतात. ही मदत करणं हेच खेळसेवकाचं काम.

अमेरिकेतल्या पालकांच्या चळवळीतही फिरून हीच गोष्ट वर आली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात सर्व मुलांनी एकत्र खेळावं म्हणून आखलेलं सार्वजनिक मैदान १९८४ मध्ये उघडलं होतं. १९९६ मध्ये कनेटिकटमधल्या वेस्ट हार्टफर्डला, स्नायूंच्या दुर्धर आजारानं बाळ गमावलेल्या एमी जाफे बार्झाक यांनी स्वयंसेवकांच्या मदतीनं जोनाथन्स ड्रीम हे मैदान उभं केलं. त्याच आजारानं मूल गमावलेल्या एका जोडप्यानं लॉस एंजेलिसमध्ये २००० साली तसंच मैदान केलं. कायद्यानं सांगितलेल्या किमान सोयींपेक्षा ही मैदानं कितीतरी पुढची होती, कारण ती आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक खरं मूल होतं. कॅलिफोर्नियात पालो आल्टोला २०१५ मध्ये उघडलेल्या मॅजिकल ब्रिज या मैदानात तर जमिनीच्या पातळीला असलेली चक्री आहे, व्हीलचेअरवरून वरच्या मजल्यापर्यंत जाता येईल असं खेळघर आहे, आणि गोंगाटानं बावरलेल्या स्वमग्न मुलांना टेकायला आडोशाच्या जागा आहेत. इतकं सगळं करूनही तिथल्या लोकांना स्वयंसेवक तयार करावे लागले. अनोळखी मुलांना एकमेकांत मिसळायला मदत करणं, एवढंच त्या तरुण मुलामुलींचं काम. मला ही गोष्ट साऱ्या इतिहासाची साक्ष वाटते. उत्तमातलं उत्तम सामान आणल्यावरही शेवटी बॉस्टनच्या वाळूत उभ्या असलेल्या बाईकडेच यावं लागलं.

आपल्याकडे कायद्याची चौकट आता पुरेशी आहे. बालहक्कांच्या कराराचं कलम ३१ खेळाचा हक्क मान्य करतं. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २००६ चा संयुक्त राष्ट्रांचा करार अपंग मुलांना खेळात समान वाव देण्याचं बंधन घालतो, आणि भारतानं तो २००७ मध्ये स्वीकारला. आपल्या २०१६ च्या अपंग हक्क कायद्यानं एकवीस प्रकारची अपंगत्वं मान्य केली. बेंगळुरूत किलिकिली या पालकांच्या संस्थेनं महापालिकेला सोबत घेऊन कोल्स पार्कसारख्या जुन्या उद्यानांतच सर्व मुलांसाठी खेळाच्या जागा केल्या, वेगळं उद्यान मागितलं नाही. महाराष्ट्रात जानेवारी २०२३ मध्ये नागपूरच्या पारडी भागात अनुभूती इन्क्लुझिव्ह पार्क या प्रकल्पाची घोषणा झाली: नव्वद हजार चौरस फूट जागा, सुमारे बारा कोटी रुपये खर्च, स्पर्शाची आणि गंधाची बाग, पाण्यातले उपचार. असे प्रकल्प व्हावेत, त्यांनी डोळे उघडतात. पण शहराच्या एका टोकाला असलेल्या मोठ्या उद्यानात मूल वर्षातून एकदा सहलीला जातं. खेळ रोज संध्याकाळी घराजवळ लागतो. आणि बारा कोटींच्या बातम्यांत मनुष्यबळाचा उल्लेख शोधावा लागतो.

यावर नगरपालिकेतला माणूस म्हणेल, एवढी मुलं आहेत तरी किती, आणि पगारी माणूस आम्हाला परवडणार कसा? मुलांचं म्हणाल, तर २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या. शून्य ते सहा वयाची मुलंच सुमारे वीस लाख होती. ती बागेत दिसत नाहीत कारण बागेत त्यांच्यासाठी काही नाही. न दिसण्याचा पुरावा करून त्यांची सोय नाकारणं हा अन्याय आहे. परवडण्याचं उत्तर महाराष्ट्रानंच एकदा दिलेलं आहे. माँटेसरीची महागडी साधनं आदिवासी पाड्यांवर नेणं शक्य नव्हतं, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बिया, पानं, शंख-शिंपले, दगड यांची साधनं केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा अंगणात न्यायची, गुरं राखायला गेलेल्या मुलांमागे कुरणात न्यायची, हे त्यांनी बोर्डी-कोसबाडला करून दाखवलं. साधन स्वस्त केलं, पण शिक्षिका काढून टाकली नाही. उलट सगळा भर तिच्या प्रशिक्षणावर दिला. पुढे १९७५ पासून अंगणवाड्यांचं जाळं देशभर विणलं गेलं. लहान मुलांशी वागायला शिकलेल्या बायका गावोगाव, वस्त्यावस्त्यांत आहेत. त्यांच्यावर आधीच कामाचे ढीग आहेत, म्हणून हे काम त्यांच्या माथी मारू नये. पण तशाच प्रशिक्षणाची, तशीच स्थानिक, संध्याकाळचे तीन तास पगारावर असणारी खेळताई प्रत्येक मोठ्या उद्यानाला देणं अशक्य नाही. वाळूचा हौद, पाण्याचा नळ, कमरेएवढा ओटा, चाक जाईल अशी पक्की पायवाट, मांडी घालून बसता येईल असा जाळीचा झोका, सावली आणि ही ताई, एवढ्यावर चेल्सीइतकं मैदान उभं राहतं. रबराच्या लाद्या नंतरही बसवता येतील.

तेव्हा आपल्या प्रभागात उद्यानाच्या नूतनीकरणाची निविदा निघेल, तेव्हा ती मागवून वाचा. रॅम्पचा उतार किती, पायवाट कितपत रुंद, हे जरूर तपासा. ते हक्कानं मागा. पण त्याच कागदात मुलांबरोबर मैदानात राहणाऱ्या माणसाचा पगार कुठल्या ओळीत धरला आहे, हेही नगरसेवकाला आणि उद्यान विभागाला लेखी विचारा, आणि ती ओळ नसेल तर ती घातल्याशिवाय काम मंजूर होऊ देऊ नका.